नापासमास्तर आणि आईची रेघ

माझ्या धाकट्या भावाला कारखानेवाले पाठीमागे नापासमास्तर म्हणतात, आणि अगदी बरोबर म्हणतात. दवाखान्यात लागणारी यंत्रं विक्रीला जाण्याआधी ज्या प्रयोगशाळेत तपासली जातात, तिथे तो नोकरीला आहे. विजेचं कुठलंही यंत्र चालताना आजूबाजूला थोड्याफार लहरी सोडतं. त्या दिसत नाहीत, ऐकू येत नाहीत, पण शेजारच्या यंत्राचं डोकं फिरवू शकतात. म्हणून त्यांना मर्यादा घालून दिलेली असते. यंत्र त्या मर्यादेच्या केसभर वर गेलं की हा गृहस्थ नापास करून मोकळा. लोक हातापाया पडतात, चिडतात, साहेबांना फोन लावतात. हा ढिम्म हलत नाही.

त्याची ती खोली मी एकदा पाहिलीय. भिंतींना आणि छताला फोमचे टोकदार सुळके, मधे फिरतं टेबल, समोर अँटेना. जाड दार लागलं की मोबाइलची रेंज गायब. आधी यंत्र बंद ठेवून नुसती खोली मोजायची, मग यंत्र चालू करायचं. गडबड दिसली की एकेक गोष्ट बंद करत जायचं आणि शेवटी जे उरेल ते खरं मानायचं, ही त्याची पद्धत. कामाला उत्तम आहे, पण घरात तिने आमचा जीव नकोसा केला. टीव्हीचं चित्र जरा हललं तरी हा मिक्सरपासून गीझरपर्यंत सगळं बंद करत सुटायचा, आणि आई अर्धवट वाटण समोर घेऊन त्याच्याकडे बघत बसायची.

अशात आई बाथरूमच्या दारात चक्कर येऊन पडली. दवाखान्यात तिच्या छातीला वायरी लावल्या आणि उशाशी मॉनिटर ठेवला. कंबर दुखावली होती, म्हणून खाली हवेची गादी दिली. हृदयाच्या डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघांना बाजूला घेऊन सांगितलं, की ठोका मधेच थांबतोय, चक्कर त्यामुळेच आली, पेसमेकर बसवावा लागेल आणि त्यात उशीर नको. मी लगेच हो म्हणून टाकलं. हा मात्र मॉनिटरकडे टक लावून उभा. रेघेला बारीक बारीक काटे आले होते. ही रेघ विश्वासाची नाही, म्हणाला.

डॉक्टरीणबाईंनी शांतपणे समजावलं, की आल्या आल्या कागदावर काढलेल्या आलेखातही तेच दिसलं होतं. तो आलेख याच खाटेवर काढला होता ना, यानं विचारलं. हो म्हटल्यावर तो अडूनच बसला. आई म्हणत होती, मुलं दोघं मिळून ठरवतील तसं. म्हणजे झालंच. जोर करता येत नाही, बाई म्हणाल्या, पण पुढच्या वेळी ठोका किती वेळ थांबेल ते माझ्या हातात नाही.

मी त्याला दंडाला धरून बाहेर नेलं आणि चांगलंच फैलावर घेतलं. आईच्या जिवाशी कसला खेळ मांडलायस, हे तुझं टेबल नाही, जे तोंडाला येईल ते बोलले. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"ताई, मॉनिटरला खोटे ठोके दाखवताना मी पाहिलंय, आणि खरे गिळतानासुद्धा," तो म्हणाला. मग आवाज खाली गेला. "आणि ते आत बसवायचं यंत्र. इतकी वर्षं मी यंत्रं बिघडतानाच बघतोय गं. मला चांगली आठवतच नाहीत."

माझा राग अर्ध्यात विरला. भीती तेवढी राहिली, आणि आता ती दोघांची होती.

नर्सबाई भल्या होत्या. डॉक्टर राउंड संपवून येईपर्यंत काय ते बघून घ्या म्हणाल्या, पण मॉनिटरला हात लावायचा नाही. यानं शेजारच्या पेशंटच्या मुलाला विनवून मोबाइलचा चार्जर काढायला लावला. काटे तसेच. उशाजवळचा दिवा बंद केला, खाटेच्या मोटरचा प्लग काढला, तरी तसेच. मी मनातल्या मनात देवाला म्हणत होते, काहीतरी सापडू दे रे, कुणाच्या तरी वायरीचंच असू दे. शेवटी राहिला गादीत हवा भरणारा छोटा पंप. नर्सबाईंनी तो स्वतः बंद केला.

रेघ एकदम स्वच्छ झाली. धुतल्यासारखी.

त्याने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की दुखलं. पंप होता, ताई, पंपच होता, असं पुटपुटत तो हसायला लागला. मलाही रडू आणि हसू एकदमच आलं. स्वच्छ रेघेवर एक ठोका उमटला, मग दुसरा, तिसरा. आणि मग काहीच नाही. नुसती सरळ रेघ पुढे चालत राहिली. मॉनिटर ओरडायला लागला. मी आईकडे पाहिलं, तर तिचे डोळे वर गेले होते आणि हात खाटेवरून खाली लोंबत होता. नर्सबाई धावल्या. त्यांचा हात छातीवर पोचतोय तोवर ठोका परत आला.

आईने डोळे उघडले. आपल्याला काय झालं ते तिला कळलंच नव्हतं. तिने लेकाकडे पाहिलं.

"सापडलं का रे?"

"सापडलं. गादीचा पंप होता."

"मग?"

"तो बंद केलाय, आई. आता दिसतंय ते तुझंच आहे."

डॉक्टरीणबाई धावत आल्या. त्या तोंड उघडायच्या आत तोच म्हणाला, बसवा, आत्ताच घेऊन जा. मी सही केली. वॉर्डबॉय खाटेची चाकं मोकळी करत होते. आईने त्याचा चेहरा पाहिला आणि तिला वाटलं असणार, पोराला जरा धीर द्यावा.

"एवढं काय त्यात? तू तपासून घे आणि मग बसवू देत."

"हे मला नाही गं तपासता येणार," तो म्हणाला. बोलता बोलता त्याचा बांध फुटला. नर्सबाईंच्या देखत ढसाढसा रडला.



"मग दुसऱ्या कुणीतरी तपासलं असेल," ती म्हणाली. "त्यालाही लोक शिव्याच देत असतील बघ."

त्याने मान हलवली. खाट हलली तसा तोही तिचा हात धरून बरोबर चालत गेला. ऑपरेशन थिएटरच्या दारापाशी मात्र तो हात सोडावाच लागला.