बिनतोंडाच्या पुतळ्याचा फोटो

यवतमाळला आमचा फोटो स्टुडिओ होता. तिथला एक किस्सा सांगायला घ्यावा, तर मागून चार ढकलत येतात! साठ सालच्या सुमारास चौकात उभ्या राहिलेल्या सिमेंटच्या पुतळ्यानं तर एकट्यानं निम्मे पुरवले.

बारा फूट उंच, दोन ठिकाणी वाकलेला, हात ना तोंड. वसंतराव नावाच्या तरुण शिल्पकारानं केलेला. गावात निम्म्यांना तो नको होता. ठेवायचा की फोडायचा, हे नागपूरची कमिटी फोटो बघून ठरवणार होती. वसंतरावांची वर्षभराची मेहनत माझ्या कॅमेऱ्याच्या एका काचेच्या प्लेटवर आली. मी म्हटलं, "काळजी सोडा. माझ्यासारखा फोटो इथं कोणी काढत नाही!" नव्हतंच काढत.

*

कॅमेऱ्याचं काळं फडकं डोक्यावरून काढलं, तर पुतळ्यासमोर सतरा माणसं टोप्या नीट करून रांगेत उभी!

"बाजूला व्हा, फोटो पुतळ्याचा आहे."

"मंग आमी काय त्याले झाकून राह्यलो?" एक म्हातारा म्हणाला. "आमच्या मांगं दिसतेच ना थो!"

*

दिग्रसचा एक कापूसवाला पुतळ्याभोवती तीन चकरा मारून आला. "याचं तोंड कोन्तं?"

"तोंड नाही."

"मंग हलनार बी नाई. तुमचं काम सोपं हाय!"

*

शेवटी चौक मोकळा झाला. सवयीनं मी ओरडलो, "रेडी! हसा जरा!"

पुतळा सोडून सगळा चौक हसला.

*

प्लेट झकास आली. तिरप्या उन्हात सिमेंटचा खड्डा न् खड्डा उठून दिसत होता. ते खड्डे वसंतरावांनी छिन्नीनं मुद्दाम पाडलेले. त्यांचा सगळा जीव त्यातच. प्लेट रिटचिंगवाल्या गुलाबरावांकडे देऊन मी लग्नाच्या ऑर्डरीला उमरखेडला गेलो.

गुलाबरावांचा हात लग्नाच्या पोरींच्या फोटोंवर बसलेला. देवीचे वण निगेटिव्हवर पेन्सिलीनं असे बुजवायचे, की आईनं ओळखू नये! मी परतेपर्यंत त्यांनी पुतळा गुळगुळीत करून प्रिंट नागपूरला पाठवलीसुद्धा.

आठवड्यानं पत्र आलं: "फोटो पसंत. प्रत्यक्ष बघून नक्की करू."

वसंतरावांनी आमच्याकडची प्रिंट पाहिली आणि एकेक खड्डा शोधत तिच्यावरून बोट फिरवलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"गुलाबराव, काय केलंत हे? आता ते येऊन बघतील ना!"

गुलाबराव पेन्सिल तासत होते. "घाबरता कायले? पाव्हण्यायले दिवेलागणीले बोलवा. माह्या पोरीले आपण तसंच दाखवलं. पाच वर्सं झाले, सुखात हाय!"