तिसरं बोट

चहात साखर जास्त पडली की सबनीससाहेब एक बोट वर करत. बोलत काहीच नसत. पुढे कधी आमटी खारट झाली की दुसरं बोट. तिसरं बोट वर गेलं की मग मूठ मिटायची आणि अंगठा खांद्यावरून मागे, दाराच्या दिशेने उडायचा. तो माणूस त्यांच्यापुरता संपला. कामाच्या बायका, शिंपी, एक सख्खा मावसभाऊ, असे बरेच जण संपलेले मी पाहिले. "थ्री स्ट्राइक्स. इथे अपील नाही," असं ते हसत सांगत. हसणं मोठं छान होतं त्यांचं, हेही लिहायला हवं.

मायरा, शाळेत तुला एका टीव्ही मालिकेवर निबंध लिहायचाय. त्यातली माणसं सारखी बेसबॉलच्या भाषेत का बोलतात, असं तू फोनवर विचारलंस, आणि आजीला त्यातलं काय कळणार म्हणून तू आणि तुझा भाऊ रोहन दोघंही हसलात. मला जे थोडंफार कळलं, ते सांताक्रूझला, आमच्या वरच्या मजल्यावर कळलं.

सबनीससाहेब इंजिनिअर. साठच्या दशकात कंपनीने त्यांना वर्षभर अमेरिकेला धाडलं होतं. तिथून ते तांबड्या टाक्यांचा एक पांढरा चेंडू घेऊन आले आणि ही बोटांची सवय. त्यांची एकुलती एक मुलगी शैला तेव्हा लहान होती. संध्याकाळी गच्चीवर बापलेक तो चेंडू झेलत. तिच्या हातून सुटला की तेही तिच्याइतकेच खिदळत. तिच्यासाठी बोट कधी वर जात नसे.

ते पहिल्यांदा गेलं ते तिने सायन्स सोडून आर्ट्सला नाव घातलं तेव्हा. त्यांनी ठरवलेल्या मुलाला तिने नकार दिला, ते दुसरं. आणि बँकेतल्या जनार्दनशी रजिस्टर लग्न करून आली, ते तिसरं. जनार्दन जुहूच्या कोळीवाड्यातला. त्याची आई आमच्याच इमारतीत मासळी घेऊन यायची. लग्नानंतरही साहेब तिच्याकडून पापलेट घेत राहिले, तेही घासाघीस करून. विहीणबाई जिन्याच्या पायरीवर बसून मासे कापत आणि हे वरून "तुकड्या जाड नकोत" एवढंच म्हणत. मी एकदा त्यांच्याकडे बघत राहिले, तर म्हणाले, "काय करणार वहिनी, मासळी ताजी असते तिची."

मुंबईत टीव्ही आला आणि आमच्या इमारतीत तो पहिल्यांदा त्यांच्याकडे आला. लाकडी पेटी, सरकत्या दारांना कुलूप, वर विणलेला रुमाल आणि रुमालावर तो चेंडू. रविवारी संध्याकाळी दाराबाहेर चपलांचा ढीग पडे. तळमजल्यावरच्या कुलकर्णीआजोबांना बसल्याबसल्या डुलकी लागे आणि ते घोरत. तिसऱ्यांदा घोरले तेव्हा अंगठा उडाला. त्यानंतर आजोबा गॅलरीत उभे राहून खिडकीचा गज धरून आत बघत. साहेबांच्या लक्षात आलं, तेव्हा त्यांनी पडदा ओढून घेतला. आतून कुणी चकार शब्द काढला नाही. सगळ्यांना पुढच्या रविवारीही यायचं होतं.

अशाच एका रविवारी टीव्हीवर एक परदेशी नाटक लागलं. बेसबॉलवेडा बाप आणि घर सोडून गेलेला मुलगा. बापाच्या तोंडी दर वाक्याला तो खेळ. आमच्यातल्या निम्म्यांना इंग्रजी कळत नव्हतं आणि उरलेल्यांना बेसबॉल. साहेब चेंडू हातात घेऊन टीव्हीशेजारी उभे राहिले.

"आपल्या क्रिकेटमध्ये माणूस ह्या टोकाकडून त्या टोकाला पळतो," ते म्हणाले. "इथे घरून निघायचं, तीन मुक्काम करायचे, त्यांना बेस म्हणतात, आणि घरीच परत यायचं. त्या जागेचं नावच होम. तिला पाय लागला तरच धाव मोजतात. म्हणून तो बाप सारखा विचारतोय, पोरगा होमला पोचला का."

इतक्या हळुवारपणे बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. त्यांच्या पत्नी, कुमुदताई, पदराने डोळे टिपत होत्या.

तेवढ्यात दारात शैला उभी राहिली. सातवा सरलेला, हातात पिशवी. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. ती त्या रीतीच्या भरवशावर आली होती. सासू खाली फाटकाशी थांबलेली. खोलीतली माणसं वाट द्यायला सरकली. शैला पायपुसण्यापर्यंत आली.

"बाबा, बाळंतपणाला आलेय."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता.

"शैला, बाद झालेल्याने धावायचं नसतं," ते म्हणाले. मग उभ्या राहिलेल्यांना म्हणाले, "बसा, बसा. मागच्यांना दिसत नाहीये."

मी उठले, तिच्या हातातली पिशवी घेतली आणि तिला खाली आमच्या घरी आणलं. नाटकाचा शेवट मी पाहिला नाही. तुमच्या आजोबांनी नंतर सांगितला. मुलगा घरी परत येतो. तेव्हा सबनीससाहेबांनी रुमाल काढून डोळे पुसले म्हणे.

शैलाची सासू वर आली, सगळं ऐकलं आणि म्हणाली, "एक मजला खाली तर खाली. माहेर ते माहेर."

मुलगा झाला. सव्वा महिना तो आमच्या घरात रडला आणि तो रडायला लागला की वरचा टीव्ही मोठा व्हायचा. दुपारी साहेब ऑफिसात असताना कुमुदताई गॅलरीतून दोरीने पिशवी सोडत. डिंकाचे लाडू, अळीव, बाळाची दुपटी. एक दिवस पिशवी आमच्या खिडकीपाशी येऊन अधांतरी थांबली. मी वर पाहिलं. दोरी साहेबांच्या हातात होती. त्यांनी ती शांतपणे वर ओढून घेतली आणि मला त्यांचा आवाज ऐकू आला, "कुमुद, बेस चोरतेस?" कुमुदताईंना पहिलं बोट मिळालं. दुसरं त्यांनी जन्मभर मिळू दिलं नाही. पिशवी पुन्हा खाली आली नाही.

काही वर्षांनी त्यांना पक्षाघात झाला. उजवा हात गेला, वाचा गेली. शैला मुलाला घेऊन आली. ह्या वेळी तिला कुणी अडवलं नाही. ती खाटेजवळ बसली. टीव्हीवरचा चेंडू मुलाने मागितला, तो कुमुदताईंनी त्याला दिला. साहेब बराच वेळ दोघांकडे बघत होते. मग डावा हात पांघरुणातून बाहेर आला, मूठ मिटली आणि अंगठा खांद्याकडे वळला. शैलाने मुलाच्या हातातून चेंडू काढून घेतला, परत रुमालावर ठेवला आणि ती जिना उतरली. त्याच आठवड्यात साहेब गेले. ती आली नाही.

आम्ही सगळी क्रिकेट बघत वाढलेली माणसं. एकदा बाद झाला की तो तंबूत, हे आम्हाला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. त्यामुळे साहेबांचा नियम आम्हाला कठोर वाटला, पण खोटा कधी वाटला नाही. काल तुझ्या निबंधासाठी मी रोहनला फोनवर विचारलं, "तीन स्ट्राइक झाले की संपलं ना?"

"छे गं आजी. बाकीच्यांची झाली की त्याची पाळी परत येते. एका मॅचमध्ये तीन-चारदा येते."

"आणि बेस चोरला तर?"

"चालतं की. टाळ्या मिळतात."

"एकदाच मॅच पाहिलेल्या माणसालाही हे कळेल?"

"कुणालाही कळेल, आजी."

सबनीससाहेब तिथे वर्षभर होते. दर शनिवारी मॅचला जात. त्या तिकिटांचे तुकडे त्यांनी आम्हाला कितीदा तरी दाखवले होते.