बाबांनी कापलेली वायर

मित्रांनो, बाबांना जाऊन दोन महिने झाले. टीव्हीला जोडायचा त्यांचा जुना कॉम्प्युटर आज जुन्या जालन्यात दुरुस्तीला नेला. त्याचा पॉवर सप्लाय वेगळ्या, जड डब्यात आहे. डब्याची वायर बाबांनीच कापली होती. कंटाळून कापली, असं आम्ही इतकी वर्षं समजत होतो.

दुकानातले चाचा हसले. "कंटाळून न्हाई, ताई! हा डबा बिघडला की जास्त व्होल्टेज सोडतो, मंग आतल्या चिप जळतात. कुणी चुकून लावू नये म्हणून कापली. बिलकुल बराबर केलं. डबा परत कुणी लावला न्हाई, म्हणून मशीन वाचलं."

त्यांनी दुसरा सप्लाय जोडला. पडद्यावर कर्सर लुकलुकला.

या कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम तेव्हा गाण्यांसारखे कॅसेटवर साठवायचे; घरी बाबांनी लिहिलेल्या प्रोग्रॅमची अशी एक कॅसेट आहे. तिच्यावर त्यांच्या अक्षरात माझं नाव आहे. ती कॉम्प्युटरवर चालवून बघायला कुणाकडे चालू टेपरेकॉर्डर आहे का?