थोरलं कुलूप आणि सरकारी गेट

आमच्या घरात एकशे त्रेचाळीस कुलपं होती आणि चोरण्यासारखं काहीही नव्हतं.

(चोरण्यासारखी म्हणाल तर कुलपंच. पण ती बिनकुलपाच्या कपाटात असत. संग्रहातलं कुलूप कामाला लावणं म्हणजे पाहुण्याला भांडी घासायला बसवणं, असं अप्पांचं मत!)

अप्पा म्हणजे माझे वडील. उदगीरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, त्यांचं आडतीचं दुकान. सकाळी आंघोळ, मग लिंगपूजा, मग कुलपं आणि मगच चहा. प्रत्येक कुलपाला दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी, तीवर अप्पांच्या बारीक अक्षरात गाव, आतल्या पट्ट्या म्हणजे लिव्हर किती, आणि शेवटी दोष. 'बिदर. तीन लिव्हर. दोष: कडी सैल.' 'देगलूर. दोन लिव्हर. दोष: किल्ली फिरताना रडते.' माणसांबद्दल अप्पा इतकं खरं कधी लिहीत नसत.

त्या वर्षी उदगीरात दोन गोष्टी जोरात होत्या, दुष्काळ आणि नव्या जिल्ह्याची मागणी. दुष्काळ कुणी मागितला नव्हता, तो आला. जिल्हा सगळे मागत होते, तो येत नव्हता. या अन्यायाची पत्रकं लिहिण्याचं काम कृती समितीनं माझ्याकडे दिलं होतं, आणि मी ते इतकं मनावर घेतलं होतं की एकदा किराण्याच्या यादीखालीसुद्धा 'अन्यथा तीव्र आंदोलन छेडण्यात येईल' असं लिहून गेले. (दुकानदारानं त्या दिवशी साखर चोख मोजली. म्हणून सांगते, पत्रकात ताकद असते!)

आठ दिवसांनी एकदा टँकर यायचा. त्यामुळे पिंपं, हंडे, पातेली, जे पोकळ ते सगळं भरून मधल्या खोलीत. आणि मधल्या खोलीतच कुलपांचं कपाट. एके सकाळी अप्पांनी अशी आरोळी ठोकली की अव्वाला, म्हणजे आईला, वाटलं जळकोटच्या आत्याचंच काही झालं.

"गंज!" अप्पा म्हणाले. कुलपावर मोहरीएवढा तांबूस ठिपका होता.

"दुष्काळात गंज कसा चढंल, अप्पा? हवेत ओलच न्हाई!"

"हवेत न्हाई, घरात हाय! अकरा पिंपं अन् मधी माझी कुलपं. तळ्यात राहून राहिलीत ती!"

कुलपांचं तातडीनं पुनर्वसन झालं. (धरणग्रस्तांचं होत नाही एवढ्या तातडीनं!) बिस्किटांच्या डब्यांत, मऊ फडक्यांत गुंडाळून, सगळी माळ्यावर. माळा पत्र्याखालचा. तिथं दुपारी पापड ठेवला तर न तळता फुलला असता.

नेमकं तेव्हाच आत्याच्या मुलीचं लग्न निघालं. अप्पा आठ दिवस जळकोटला निघाले. पिशवी खांद्याला लावून त्यांनी मला दारात उभं केलं.

"नंदे, आठवड्यातनं एकदा पुसायची. बाहेरून मशीनचं तेल, फडक्याला लावून, थेंबभर. आत, किल्लीच्या भोकात, तेल न्हाई. पेन्सिलीच्या शिशाची पूड, चिमूटभर. अन् उघड्या हातानं धरू नकोस, घाम लागतो. ध्यानात राहील?"

"अप्पा, मी जिल्हा चालवायला निघाले!"

"जिल्हा चालव. कुलपं सांभाळ."

तिसऱ्या दिवशी मशीनच्या तेलाची बाटली संपली. रिकामी बाटली उलटी करून बघितली तर कुठल्या कुठल्या लांबच्या शहरात भरलेली! माझं डोकंच फिरलं. आमच्या काळ्या रानात करडई पिकते, आमच्या घाण्यांवर तेल निघतं, आणि आमच्या कुलपांना बाहेरचं तेल? का म्हणून? किती दिवस सोसायचं? मी तिथल्या तिथं अर्धं पत्रक लिहिलं आणि करडईच्या तेलाचा डबा घेऊन माळ्यावर चढले.

बाहेरून चोपडलं. मग वाटलं, आत तर खरी गंजायची जागा! शिशाची चिमूट म्हणजे अप्पांचा चिकटपणा. मी प्रत्येक किल्लीच्या भोकात पळीनं तेल सोडलं. एकशे त्रेचाळीस वेळा!

"अगं, फोडणीपुरतं तरी ठिव की!" अव्वा खालून ओरडली.

अप्पा परत आले. डबा उघडला. कुलपं आरशासारखी चमकत होती. अप्पा म्हणाले, "हं." (अप्पांचं 'हं' म्हणजे दुसऱ्याच्या बापानं केलेला जाहीर सत्कार!) तेल कुठलं हे त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. पत्रकात काय छापायचं नाही हे कळणं, हीच तर कला आहे.

दीड महिना गेला. अप्पा रोज माळ्यावर चढून कुलपं बाहेरून पुसायचे, किल्ली मात्र कशालाच लावली नाही. ऊन वाढलं. आणि आमच्या गल्लीचा टँकर सलग अकरा दिवस आला नाही. घरात अकरापैकी दहा पिंपं उपडी. अकराव्यातल्या पाण्याकडे अव्वा अशी बघायची की तांब्या बुडवायची हिंमत होत नसे. समितीची बैठक झाली आणि ठरलं: टाळे ठोको!

कुठल्या कचेरीला ते सांगत नाही. ती बिचारी पुढे निर्दोष ठरणार आहे.

सकाळी गल्लीतल्या तीसेक बाया रिकाम्या घागरी घेऊन निघाल्या. समितीच्या एका कार्यकर्त्यानं कुलूप आणलं, ते सुटकेसचं! "एवढ्या मोठ्या अन्यायाला एवढुसं कुलूप?" मी कडाडले. तशीच घरी धावले, माळ्यावर चढले आणि थोरलं काढलं. थोरलं म्हणजे आजोबांच्या आडतीचं कुलूप. पाच लिव्हरचं, पितळी तोंडाचं, वजनाला दीड किलो, दाबलं की लागणारं. अप्पांचा जीव त्यात. (किल्लीही घेतली. मी बेजबाबदार नाही!) अप्पा मोंढ्यात होते. जाईन आणि तासाभरात परत ठेवीन, असा हिशेब.

कचेरीचं गेट दोन फाळक्यांचं, जाड पत्र्याचं, मधे हात जाईल एवढं भोक. मी थोरलं कडीत अडकवलं आणि दाबलं. खट्!

काय तो आवाज! तीस घागरी एकदम वाजल्या. मी दगडावर चढून भाषण सुरू केलं. चौथ्या वाक्याला भोकात एक डोळा दिसला.

"ताई," डोळा म्हणाला, "मी इथला साहेब. तुमच्याच गल्लीचा टँकर भरून उभा आहे. निघतच होता."

मी वाकून बघितलं. खरंच! टँकर गेटकडे तोंड करून उभा, इंजिन चालू, ड्रायव्हर मौलाभाई वर बसलेले.

"आंदोलनाला यश!" मी जाहीर केलं. दहा मिनिटांत! जयजयकार झाला. मी ऐटीत किल्ली काढली आणि थोरल्यात घातली.

ती निम्मीच आत गेली. काकवीत चमचा रुतावा तशी रुतली. फिरेना. आणखी दाबली, वाकली. बाहेर ओढली, तर किल्लीला पिवळट चिकट तार आली.

"आपा, जल्दी करो!" आतून मौलाभाई ओरडले. (आपा म्हणजे ताई, म्हणजे मी. अप्पा अजून मोंढ्यातच होते!) "टाकी टपक रई! उसका व्हॉल्व्ह खराब है!"

पत्र्याच्या खालून पाण्याचा ओघळ बाहेर आला. आमचं पाणी! अकरा दिवसांचं! पाईप लावून घागरी भराव्यात, तर पाईप मागच्या खेपेला आमच्याच गल्लीत राहिलेला.

"नंदे," शेजारची सुगलाबाई म्हणाली, "नळाला कुलूप लावणारे लई पाह्यले. टँकरला लावणारी तूच पहिली!"

"तेल घाला तेल!" कुणीतरी म्हणालं. समोरच्या घरातून वाटी आली.

"कशाचं हाय?" मी हळूच विचारलं.

"करडईचं. दुसरं कुठलं?"

मी तेही घातलं.

आता एका कार्यकर्त्यानं दगड उचलला. "फोडू!" मी थोरल्यावर आडवी पडले. "हात लावाल तर याद राखा!" तर चित्र असं की आत साहेब गेट उघडा म्हणून ओरडतोय, बाहेर आंदोलक गेट उघडायला धडपडतायत, आणि गेट उघडू न देणारी एकटी मी! स्वतःच्याच आंदोलनाविरुद्ध आंदोलन करणारी दुसरी कुणी असेल तर तिनं मला भेटावं.

भोकातून एक हात आला. हातात कागद.

"ताई, निवेदन आहे," साहेब म्हणाले. "स्वीकारता का?"

तेवढ्यात बातमी ऐकून मोंढ्यातून अप्पा आले. धोतराच्या सोग्यानं कुलूप धरलं (उघड्या हातानं नाही, या गोंधळातही नाही!), नाकाशी नेलं आणि डोळे मिटले.

"करडई."

मी घागरींकडे बघायला लागले.

"आत घातलंस?"

"हाव."

"किती? चमचा?"

"पळी."

"अगं, करडई उन्हात आटून राळ होती! पूर्वी तेच तेल तापवून रोगन करायचे, मोटंच्या कातड्याला फासायचे, पाण्यानं कुजू नये म्हणून. अन् तू पत्र्याखाली दीड महिना... सगळ्यांना घातलंस?"

"एकशे त्रेचाळीसांना."

अप्पा रस्त्यावरच खाली बसले.

दगडवाला पुढे झाला. "अप्पा, फोडू का मग? पाणी चाललंय."

ओघळ आता बायांच्या पायापर्यंत आला होता. अप्पांनी थोरल्याकडे बघितलं. मग घागरींकडे. मग पुन्हा थोरल्याकडे. आयुष्यात पहिल्यांदा मला एकही घोषणा सुचेना.

अप्पा उठले. "चाळीस वर्षं कुलपं बघून राहिलोय. एक सांगतो. हुशार चोर कुलपाकडं बघतच न्हाई." आणि ते कुलूप सोडून गेटच्या दुसऱ्या टोकाला गेले. वाकले. "हे बघा. फाळकं खुंट्यांवर नुसतं बसवलंय. तिकडचंबी तसंच. उचला!"

आत साहेब, शिपाई, मौलाभाई. बाहेर तीस बाया. "हर हर महादेव!" अख्खं गेट, दोन्ही फाळकी, मधे थोरलं लटकलेलं, खुंट्यांवरून निघालं आणि भिंतीला टेकलं. टँकर सुटला. त्याच्यामागे घागरी सुटल्या. अव्वाची पिंपं भरली.

"आणि आमचं गेट?" साहेबांनी विचारलं.

"गेट तुमचं, कुलूप माझं," अप्पा म्हणाले. "वेगळं होईस्तोवर दोन्ही माझ्या घरी."

मोंढ्यातल्या हमालांनी हातगाड्यावर गेट आमच्या घरी आणलं. भर बाजारातून! मागून मी, मान खाली. वाटेत कुणी विचारलं की सुगलाबाई उत्तर द्यायची, "जिल्हा आणाया गेली, गेट घेऊन आली!"

गेट आमच्या अंगणात सव्वा महिना होतं. अप्पा त्याच्यापुढे पाट टाकून बसायचे, टर्पेंटाईन, सुई आणि फडकं घेऊन. उरलेली एकशे बेचाळीस माझ्या वाट्याला. रोज दहा वाजता कचेरीचा शिपाई यायचा, "साहेब विचारून राहिलेत, गेट कसं हाय?" म्हणायचा, चहा प्यायचा आणि जायचा. शेवटी एका सकाळी खट् झालं, आणि अप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं. दुष्काळात!

जिल्हा अजून झालेला नाही. पत्रकं अजून मीच लिहिते. फक्त टाळे ठोकोचा विषय निघाला की अध्यक्ष घाईनं म्हणतात, "नंदाताई, कुलूप मात्र बाजारातनं आणू."

थोरलं पुन्हा कपाटात आहे. त्याला नवी चिठ्ठी आहे, अप्पांच्याच अक्षरात: 'उदगीर. पाच लिव्हर. गंज नाही. दोष: कुलपात नाही.'