एस.टी. चुकलेल्या नवरीचं गाणं

बाबासो मगदूम कागलच्या एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत हिशेब खात्याचे प्रमुख होते आणि निवृत्ती तोंडावर आली होती. माणूस बी.कॉम., नीटनेटका. रविवारीसुद्धा इस्त्रीचा सदरा घातल्याशिवाय त्यांना लिहायला सुचत नसे. घातल्यावरही फारसं सुचत असे असं नाही, पण निदान ताठ बसता येई. नोकरीभर त्यांनी लोकांची प्रवासबिलं शेरे मारून परत पाठवली होती. आता जाताना लोकांनी ‘बिलं अडवणारा’ न म्हणता ‘रसिक माणूस’ म्हणावं, एवढीच त्यांची इच्छा. म्हणून कंपनीच्या मासिकात ते ‘माझं आवडतं गाणं’ हे सदर लिहू लागले.

भावगीत, ठुमरी, कव्वाली, त्यांनी काहीच सोडलं नाही. भाषा मात्र ऑडिटची. “सदर गीतात वाद्यांचा वापर काटकसरीने केला असून गायिकेचा सूर समाधानकारक आहे.” गझलेतलं उर्दू कळलं नाही, तिथं “आशय गहन आहे” म्हणून मोकळे झाले. एका इंग्रजी रॉक गाण्याबद्दल लिहिलं, “गायक कशावर तरी नाराज असून त्याची तक्रार रास्त वाटते.”

शेवटच्या लेखाला त्यांनी नाट्यगीत निवडलं आणि मजकूर बायकोला वाचून दाखवला. त्रिशलाबाई वाल सोलत होत्या.

“हे गाणं तुमास्नी आवडतंय?”

“व्हय. का?”

“हे लागलं की तुमी घोरताय की!”

“ती समाधी असतीया.”

“गप बसा. तुमचं आवडतं म्हंजे त्ये बेंजोवालं. एस.टी. चुकलेल्या नवरीचं. स्कूटर पुसताना दुसरं काय म्हणताय?”

बाबासोंनी आधी खिडकी लावली. ते गाणं कुरुंदवाडात त्यांच्या वरातीत वाजलं होतं. नवरदेव बी.कॉम. असल्यामुळं, ‘असलं थिल्लर बंद करा’ असा निरोप त्यांनी जीपमधूनच बेंजोवाल्यांना धाडला होता.

“निरोप धाडलासा खरं,” त्रिशलाबाई म्हणाल्या, “पण पाय? वर फेटा ताठ, आन् खाली पाय ठेका धरतोय. मी शेजारीच हुते. तवर मला वाटत हुतं, लाकडाशी लगीन लावलं माझं. त्यो पाय बघून धीर आला.”

“एवढ्या वर्षांत बोलली न्हाईस कधी.”

“तुमी इचारलंसा कवा?”

बाबासोंनी नाट्यगीत फाडलं. सदरा काढून बनियनवर बसले आणि आयुष्यात पहिल्यांदा ‘सदर’ हा शब्द न वापरता वरातीतली जीप, फेटा, बेंजो, सगळं लिहून काढलं. शेवटी लिहिलं : “हे गाणं लागलं की माझा पाय माझं ऐकत नाही. आधी ज्या गाण्यांबद्दल लिहिलं, त्यांच्या वेळी तो गप्प होता.” लेख पाठवला, आणि मासिक येईपर्यंत त्यांना जेवण गोड लागलं नाही. अब्रू म्हणजे काय थोडी गोष्ट!

मासिक आलं. डिस्पॅचचा ज्ञानू केबिनच्या दारात उभा राहिला. “सायेब, लेख वाचला. झ्याक हाय.”

“आणि आधीचे?”

“त्येच्यावर वडापाव खायचो की. कागद गुळगुळीत, त्याल पीत न्हाय.”

निरोपाच्या दिवशी गेटवर जीप उभी होती आणि जीपपुढं बेंजो. बाबासोंना फेटा बांधून, त्रिशलाबाईंना शेजारी बसवून पोरांनी तेच गाणं सुरू केलं. ‘रसिक’ असं कुणी म्हटलं नाही. ज्ञानू मात्र गर्दीतून ओरडला, “सायेब, पाय सोडा की मोकळा!”

हिशेब खात्याचे प्रमुख समोर बघत ताठ बसले. सगळी फौंड्री वाकून जीपच्या तळाशी बघतेय हे ध्यानात आल्यावर त्यांनी मांडीवरची बॅग हळूच पायावर ठेवली.

मग बॅग हलू लागली.