दीडशेच्या आत

मीटर वाचायला निघालो की हातात मशीन एकच असतं, पण संध्याकाळी झोन ऑफिसात चहा येईपर्यंत चार-पाच किस्से तरी गोळा झालेले असतात. स्मार्ट मीटर आमच्या वस्त्यांत अजून लागले नाहीत, तोवर आमची चंगळ आहे! नियम सगळ्या इंदूरला पाठ: महिन्याला दीडशे युनिटांच्या आत राहिलात, तर बिलाचा मोठा हिस्सा सरकार भरतं. एक युनिट वर गेलं की सबसिडी गायब. म्हणून आम्ही दारात दिसलो, की लोक आधी देवाला हात जोडतात आणि मग आम्हाला चहा विचारतात.

०

राजवाड्यामागे एका घरी मी पाणी मागितलं. बाईंनी दिलं माठातलं. फ्रिज उघडा होता आणि आत इस्त्रीचे कपडे!

"ताई, हे काय?"

"अहो, रीडिंगच्या आधी पाच दिवस ते कपाटच असतं!"

०

माझा जोडीदार महेश, पक्का माळवी. एका घरी रीडिंगला गेला, तर तिथे मुलगी बघायचा कार्यक्रम! त्याला पाहुणा समजून पोहे-जिलबी दिली. हाही निवांत बसला खात.

मुलाच्या आईने मुलीला विचारलं, "केस उन्हात वाळवतेस की मशीननं?"

मुलगी म्हणाली, "उन्हात. तुमच्याकडे किती युनिट येतात?"

"दीडशेच्या आतच हो!"

महेशच्या तोंडात जिलबी, तरी बोललाच. "कहां माताजी! पिछले महीने आपके यहां एक सौ पैंसठ मैंने ही तो लिखा था!"

लग्न जमलं बरं का.

०

एका घरी पुण्याचा जावई आला. त्याला सकाळी गीझर हवा. युनिट झालेले एकशे शेहेचाळीस! सासूबाईंनी त्याच्या खांद्यावर टॉवेल टाकला आणि सरळ शेजारच्या गुप्ताजींकडे आंघोळीला पाठवलं. बिचारा दारातच अडखळला.

"लाजू नका हो, त्यांचे दीडशे कधीच गेलेत!"

०

आता कुलकर्णीकाकूंचं सांगतो. मिलच्या जुन्या क्वार्टरमध्ये त्या आणि काका, दोघंच. काका मिलमधून रिटायर झालेले, फुप्फुसं कामातून गेलेली. उन्हाळ्यात घरी ऑक्सिजनचं मशीन आलं. ते दिवसरात्र चालतं. त्या महिन्यात आकडा थेट तीनशेच्या वर, आणि तो मीच लिहिला. काकू रडल्या-बिडल्या नाहीत. हळूच विचारलं, "भाऊ, दुपारी दोन-तीन तास बंद ठेवलं, तर चालेल का हो?"

त्या दिवशी मला डबा गेला नाही.

पुढच्या महिन्यात त्या दारी जायला पाय उचलेना. गेलो. मीटर बघितला. एकशे सदतीस! पुन्हा बघितला. एकशे सदतीसच. म्हटलं, या बाईने मशीन बंद ठेवलं वाटतं!

धावतच आत गेलो. काका खुर्चीत पेपर वाचत होते, नाकाला नळी. मशीन मस्त घुरघुरत होतं.

"काकू, बंद नाही ना ठेवत?"

"देवाशप्पथ, एक मिनिट नाही!"

जीव भांड्यात पडला. खरं सांगतो, मी तिथेच स्टुलावर बसलो. मग दिसलं, मशीनची काळी वायर खिडकीतून शेजारच्या घरात गेलेली. नियमात बसत नाही हे. पण मी मीटर वाचायला येतो, खिडक्या बघायला नाही!

शेजारी एक रिक्षावाले भिया (इंदुरात भैयाला भियाच म्हणतात) राहतात. महिन्याला कधी सव्वाशेच्या वर न गेलेला माणूस. त्यांचा मीटर वाचला: तीनशे बावीस.

म्हटलं, "भिया, सबसिडी गेली तुमची!"

ते रिक्षा पुसत होते. मान वर न करता म्हणाले, "मालूम है, भिया. तुम तो लिखो. इस महीने अपना नंबर था, अगले महीने सामनेवाली भाभी का है."