पंचांची सोडचिठ्ठी

चौदा वर्षं मी एका माणसाची बायको होते आणि मला ते ठाऊकच नव्हतं.

हे कळलं ते मूल दत्तक घ्यायला गेले तेव्हा. संस्थेतल्या बाईंनी माझा कागद वाचला, उलटा करून पाहिला, पुन्हा वाचला. स्टॅम्पपेपर, खाली पाच पंचांच्या सह्या, दोन अंगठे. "ही सोडचिठ्ठी कोर्टात चालत नाही, ताई," त्या म्हणाल्या. "कायद्याने तुमचं लग्न अजून आहे. कोर्टाचा हुकूम आणा, मग बघू." मला आधी हसू आलं. मग घाम फुटला. माझं वय अडतीस, आणि चाळिशी ओलांडली की एकटीला तान्हं मूल मिळत नाही, हे त्यांनीच आदल्या खेपेला सांगितलं होतं.

आमच्याकडे असंच चालतं. गावकी बसते, पंच बोलतात, चहा होतो, कागद होतो, आणि बाई माहेरच्या वाटेला लागते. पुढे त्या कागदावर कुणी काही विचारत नाही. मीही तो पत्र्याच्या पेटीत साड्यांखाली जपून ठेवला होता. म्हटलं, सुटले. सुटले कसली, डोंबल!

मी सापगावला भावाकडे राहते आणि शहापूरच्या बाजारात ब्लाउज शिवायचं माझं छोटं दुकान आहे. येता-जाता वकिलांच्या पाट्या रोजच्याच. वाटलं, वकील काय, पैशाला पासरी. पण महामार्ग आला तसे सगळे वकील जमिनीत गेले. पहिल्यांनी मी खुर्चीत टेकायच्या आत विचारलं, "गट नंबर?"

"गट नंबर नाय साहेब, नवरा आहे."

"बरं. सातबाऱ्यावर त्याचं नाव आहे का?"

दुसऱ्यांनी मोबाईलमधून मान वर न काढता सांगितलं, "फॅमिली मॅटर आमी घेत नाय. भूसंपादन असेल तर बोला." तिसरे वयानं मोठे होते. त्यांनी पाणी दिलं, चहाही सांगितला. आणि म्हणाले, "अगो, चौदा वर्षं झाली ना? कशाला उकरतेस आता? गावात बसून मिटवून टाक."

"गावात बसूनच तर हे झालंय," मी म्हटलं आणि चहा यायच्या आत पिशवी उचलली. जिन्यात मात्र रडू आलं. शहरात म्हणे घटस्फोटाचे वेगळे वकील असतात. आमच्या तालुक्यात बांधावरून भांडलात तर दहाजण धावतील, संसारावरून भांडलात तर कुणी दार उघडत नाही.

शेवटी वकील सापडला तो माप घेताना. दवाखान्यातली एक नर्स माझं गिऱ्हाईक आहे. ती हात पसरून उभी होती आणि मी टेप धरून बोलत होते. ती म्हणाली, मुरबाडला एक वकीलबाई आहेत, खताच्या दुकानाच्या वर बसतात, त्या हेच करतात. "पण दोघांची सही लागते. नवरा राजीखुशीनं आला तर सहा महिन्यांत होतं. नाय आला तर मग वर्षं मोजत बस."

त्या दिवसांत मला शिवताना भान राहत नसे. दुपारी बाजार पेंगायचा, मशीन आपल्या आपण चालायची, आणि मी ती चौदा वर्षं पुन्हा पहिल्यापासून जगायचे, पण लग्न झालेली बाई म्हणून. वहिनीशी भांडून उपाशी झोपले, त्या दिवशी मी कुणाची तरी बायको होते. संक्रांतीला शेजारणींनी मला वगळून वाण वाटलं, तेव्हाही होते. म्हणजे ते वाण माझं होतं की! राग यायचा, आणि रागामागून एक गुंगी. असं वाटायचं की कुठेतरी एक घर आहे, तिथे माझ्या नावाचं ताट अजून मांडलं जातंय आणि मी जेवायला गेलेच नाही. त्या गुंगीत मी एका ब्लाउजला दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या.

नवऱ्याला फोन लावायला चार दिवस घेतले. तो सरळगावच्या पुढे राहतो. दुसरं लग्न झालंय, दोन पोरं आहेत. मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "बघू."

हा 'बघू' मी संसाराची दोन वर्षं ऐकलाय. छप्पर गळतंय, बघू. आई बोलते, बघू. "तुमच्या बघूवर माझं पोर अडलंय!" मी ओरडले, आणि स्वतःवरच चिडले, कारण तोंडातून अजून 'तुमी'च निघत होतं.

फोन दुसऱ्या हातात गेला. बाईचा आवाज, अगदी बारीक. "ताई, मंग मी कोण?"

"तू पण माझ्यासारखीच अडकलीयस गो," मी म्हटलं. "त्यांना पाठव."

"पाठवते," ती म्हणाली.

दसरा होऊन गेला होता. शहापूरहून सकाळच्या एसटीनं मुरबाडला निघाले. किन्हवलीच्या पुढे दोन्ही बाजूंना भात पिवळं पडलेलं, वर धुकं, आणि धुक्यातून एखादं झाड अचानक जवळ यायचं आणि मागे राहायचं. खिडकीला डोकं टेकलं तर वाटलं, मी सासरी चाललेय. तशी चाललेही होते म्हणा. डुलकी लागली असेल, कारण हाताला मेंदीचा वास आला आणि मी दचकून तळवा उघडून पाहिला. टाचण्यांनी टोचलेली बोटं. शेजारच्या म्हातारीनं विचारलं, "काय हरवलं गो?" मी नाय म्हटलं.

तो मुरबाडच्या स्टँडवर उभा होता. केस पिकलेले, वाकून उभं राहणं तेच. तो येणारच नाही असं धरून परत जायची मी इतकी तयारी केली होती की तो दिसला तरी नजर आधी परतीच्या एसटीकडे गेली.

"आलीस?"

"दिसतेय ना."

बाजारातून तो पुढे आणि मी चार पावलं मागे. पायांना कुणी सांगितलं होतं असं चालायला? मी मुद्दाम झपझप चालून त्याच्या बरोबरीनं आले. त्यानं काही म्हटलं नाही, पाय जरा हळू टाकले. खताच्या दुकानदारानं विचारलं, "नवरा-बायको ना? मग वरच्या बाईंकडे." आम्ही दोघंही एकदम "नाय" म्हणालो आणि वर गेलो.

वकीलबाईंनी कुणालाच उपदेश केला नाही. एवढ्यानंच मला हायसं वाटलं. केस कल्याणला चालेल, दोन तारखा पडतील, म्हणाल्या. लग्न कुठे झालं, किती दिवस एकत्र राहिलात, वेगळे कधीपासून. आम्ही आळीपाळीनं सांगत होतो आणि त्या लिहीत होत्या. मग त्यांनी त्याच्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "राजीखुशीनं सही करणार?"

"करणार."

झालं, म्हटलं. आता पोर येईल.

"अपत्य?" बाईंनी विचारलं.

"नाय," मी म्हणाले. चौदा वर्षं प्रत्येक फॉर्मवर हेच सांगत आलेय.

"एक," तो म्हणाला.

पेन थांबलं.

"मुलगी होती. नऊ दिवसांची झाली."

मला असा संताप आला, की खुर्ची मागे सरकली. गावकी बसली तेव्हा हाच माणूस खाली मान घालून बसला होता. पंच म्हणाले, मूलबाळ काही नाही, सोपं काम आहे. तेव्हा हा गप्प, मीही गप्प. जगलं नाही ते मूल आमच्याकडे मोजत नाहीत. "तेव्हा का नाय बोललात?" मी किंचाळले. खाली दुकानातलं बोलणं थांबलं.

"तेव्हा बोलायला पायजे होतं," तो म्हणाला.

बाईंनी नवी ओळ सुरू केली. मग म्हणाल्या, "झालेलं मूल लिहावंच लागतं. नाव?"

"नाव नव्हतं," मी म्हटलं. "बारशाचा दिवस उजाडलाच नाय."

आणि त्यानं नाव सांगितलं. न अडखळता, घरात रोज हाक मारतात तसं. "मनात ठेवलेलं," म्हणाला, "सांगायचं राहिलं."

माझ्या पोरीचं नाव मला त्या दिवशी कळलं, तिच्या बापाला सोडायच्या अर्जात. इथे ते लिहीत नाही. ते आम्हा दोघांचं आहे.

वकीलबाईंनी कागद आमच्यापुढे सरकवला. त्यानं सही केली आणि पेन माझ्याकडे दिलं. माझा हात तिच्या नावावर होता, आणि तो उचलल्याशिवाय सही करता येत नव्हती. कुणी घाई केली नाही. मग मी हात उचलला.